लैंगिक शोषणाच्या कथेचं स्त्रीवादी वाचन म्हणजे लेखकाला दोषी ठरवणं का?

नाही. दोषी कोण हे बहुधा कथाच सांगते. स्त्रीवादी वाचन त्यापुढचं विचारतं: प्रसंग कोणाच्या नजरेतून दिसतो? शोषण सोसलेल्या स्त्रीच्या शरीराचं वर्णन येतं तेव्हा तिच्या मनाला जागा उरते का? आणि घटनेनंतर ती कथेत राहते, की नवऱ्याच्या वा भावाच्या सूडाचं निमित्त होऊन बाजूला पडते? मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

इंदूरला रामबागेत आम्ही काही जणी महिन्यातून एकदा एकत्र वाचतो. बंगाली लेखिका महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ ही कथा वाचली त्या दिवशी बराच वेळ कोणी बोललंच नाही. पकडून नेलेल्या छावणीत सामूहिक बलात्कार झालेली दोपदी (कथेतली द्रौपदी) कपडे घालायला नकार देते आणि तशीच सेनानायकासमोर उभी राहते. महाभारतात कृष्ण वस्त्र पुरवतो. इथे कोणी येत नाही, आणि लाज तिच्याकडून सेनानायकाकडे सरकते. भिणारा तोच. पण ती आदिवासी आहे, सत्तेविरुद्ध लढणारी आहे, हे वगळून तिला फक्त ‘पीडित स्त्री’ म्हणून वाचलं तर अर्धी कथा हातातून निसटते.

तेंडुलकरांचं ‘कमला’ नाटक असलं तरी जोडीला जरूर वाचा. एका पत्रकाराने विकत आणलेली कमला त्याच्या बायकोला, सरिताला, विचारते की तुला केवढ्याला घेतलं? त्या एका प्रश्नानंतर सरिताला स्वतःचा संसार वेगळा दिसू लागतो.