रॉड नंतर घ्या, आधी तिथी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लबच्या होडीतून एक रविवार सोडून एक असे तीन रविवार गेलात, तिन्ही वेळा एखाददुसऱ्या शिंगाळ्यापलीकडे काही लागलं नाही. २०० ग्रॅमचं शिसंसुद्धा तळाला टिकेना, शेजारच्याच्या दोरीत तुमची दोरी गुंतली, वर मळमळलं ते वेगळंच. आता १५ हजारांत नवा रॉड-रीळ घ्यावा की सरळ स्वतःचा कयाक?

मी आधी तुमच्या तीन तारखा कालनिर्णयात शोधल्या. पहिली शुद्ध द्वितीया, दुसरी वद्य प्रतिपदा, तिसरी अमावस्या. म्हणजे तिन्ही वेळा तुम्ही ऐन उधाणात, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरती-ओहोटीत गेलात. यात नशिबाचा भाग कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. अमावस्या ते पौर्णिमा साधारण पावणेपंधरा दिवस, आणि तुमची पाळी चौदा दिवसांची. एकदा का उधाणाच्या रविवारी सुरुवात केली, की पुढचे दोन-तीन महिने तुम्ही उधाणातच जात राहणार. क्लबमधले मासे काढणारे बहुतेक मधल्या रविवारी येतात, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. त्यांचा रॉड तुमच्याहून जुना आहे, एकाच्या रॉडला तर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आहे.

उधाणात आपल्याकडे काय होतं ते बघा. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटर जातो. भांगाच्या, म्हणजे अष्टमी-दशमीच्या आसपासच्या मंद पाण्याच्या दिवसांत तोच दीड-दोन मीटरवर येतो. वेळ मात्र दोन्हीकडे सहा-सव्वासहा तासच. दुप्पट पाणी तेवढ्याच वेळात पनवेल खाडीतून आणि ठाणे खाडीतून ये-जा करणार, म्हणजे ते धावणारच. धावताना तळाचा चिखल उचलतं, पाणी चहासारखं होतं. अशा पाण्यात तुमचा महागडा लुअर (नकली आमिष) माशाला दिसत नाही. गरी तळाला बसत नाही, दोरीला बाक येतो आणि मासा लागला तरी हाताला कळत नाही. शिंगाळा तेवढा लागतो, कारण तो मिशांनी चाचपडत, वासावर खातो. तुमच्या तीन ट्रिपांचा अहवाल म्हणजे उधाणाचं चोख वर्णन आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तकात वाचून नीट कळत नाही. सर्वांत मोठं पाणी अमावस्येला किंवा पौर्णिमेला नसतं, त्यानंतर एक-दोन दिवसांनी असतं. तसंच सर्वांत मंद पाणी अष्टमीला नसून नवमी-दशमीच्या आसपास. म्हणून मी सप्तमी ते एकादशी एवढाच पट्टा धरतो, शुद्ध असो वा वद्य. त्यातही अगदी मेलेलं पाणी मला नको असतं, कारण मासा हलत्या पाण्यात खातो. पाणी हलावं, धावू नये.

भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथीला पाऊणने गुणा. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. खाडीत जसजसं आत जाल तसं थोडं उशिरा धरा, आणि नेमकी उंची हवी असेल तर अपोलो बंदराचं भरतीचं कोष्टक बघा. या हिशेबातून आपल्या सोयीची एक गोष्ट निघते. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे पहाटे सहाला ठार ओहोटी. बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या धक्क्याखाली तेव्हा नुसता चिखल. तुम्ही पहिल्या ट्रिपला गुडघाभर रेंद्यातून होडीपर्यंत गेलात, चप्पल तिथेच राहिली, असं लिहिलंय ना, ते यामुळे. नवमीला उलट. पहाटे पाणी धक्क्याला लागलेलं, पाय न भिजवता होडीत बसायचं, उतरत्या पाण्याबरोबर बाहेर पडायचं आणि दुपारी चढत्या पाण्याबरोबर परत यायचं. डिझेलही वाचतं.

सहा तासांतही सगळे तास सारखे नसतात. पहिल्या आणि शेवटच्या तासात पाणी जेमतेम हलतं, मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं. आपले नाखवा, म्हणजे होडी चालवणारे, त्या दोन तासांत चक्क आडवे होतात. नवीन कोणी तरी गरी टाकायची घाई केली की डोळे न उघडता म्हणतात, "पानी धावतंय तवर गप बस." आम्ही तेव्हा डबे उघडतो. पाणी फिरण्याआधीचा तास आणि नंतरचा तास, हे दोन तास मात्र कोणी फोनवर बोलताना दिसलं तर मला राग येतो.

उधाणात जाऊ नका म्हणतोय ते केवळ मासे लागत नाहीत म्हणून नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण वाशीच्या बाजूने निघालो होतो, द्वितीया होती. साडेदहाच्या सुमाराला, चढतं पाणी ऐन भरात असताना, इंजिन बंद पडलं. पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला होता. होडी आडवी होऊन वाशीच्या पुलाच्या खांबांकडे निघाली. खांबांशी पाणी कसं फुगून फुटतं ते तोवर मी गाडीतूनच पाहिलं होतं. नांगर टाकायला मी धावलो आणि घाबरून तो मागच्या बाजूला बांधायला लागलो. नाखव्यांनी मला अक्षरशः ढकलून बाजूला केलं आणि दोर पुढे नाळेला अडकवला. मागून नांगर धरला असता तर एवढ्या ओढीत होडीचा मागचा काठ खाली दबून पाणी आत आलं असतं. दोर ताणला, होडी फिरून तोंड प्रवाहाकडे करून उभी राहिली. खांब तेव्हा किती लांब होता यावर आमच्यात अजून वाद आहे. मी ४० फूट म्हणतो, बाकीचे २०. त्या दिवशी सहापैकी दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, उरलेली चार फळीखाली नीट घडी घालून ठेवलेली. आता क्लबमध्ये जॅकेट घातल्याशिवाय दोर सोडत नाहीत, तो नियम तेव्हापासूनचा.

म्हणून कयाकबद्दल माझं मत: इतक्यात नको. ओहोटीच्या धारेविरुद्ध दोन हातांनी वल्हवून कोणी परत येत नाही. त्यात आपलं पाणी मोकळं नाही. न्हावा-शेव्याची जहाजं त्यांच्या मार्गातून येतात, त्यांना थांबता येत नाही आणि तुम्ही त्यांना दिसतही नाही. जवाहर द्वीपाचा तेलाचा धक्का, ट्रॉम्बेचा अणुसंशोधन केंद्राचा किनारा, करंज्याची नौदलाची हद्द, यांच्या जवळपास रॉड घेऊन फिरलात तर मासा लागो न लागो, पोलिसांची बोट नक्की लागेल. ऐरोली ते वाशीचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्याचा आहे, २०१५ पासून, आणि २०२२ मध्ये तो रामसर यादीतही गेला. तिथे आपण गरवायला जात नाही, विषय संपला. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर फोनमध्ये घालून ठेवा. फोन प्लास्टिकच्या बंद पिशवीत, गळ्यात. बॅगेत नको.

दोऱ्या गुंतण्याचं कारण वेगळं आहे, आणि त्यात चूक तुमची एकट्याची नाही, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. नांगरलेली होडी प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे सगळ्यांच्या दोऱ्या मागे वाहतात. पुढे बसलेल्याने हलकं शिसं लावलं तर त्याची दोरी वाहत जाऊन मागच्यांच्या दोऱ्यांत घुसते. म्हणून पुढच्याने जड शिसं लावून सरळ खाली टाकायचं, मागच्याने हलकं लावून दोरी लांब सोडायची. तुम्ही नवीन म्हणून मान देऊन तुम्हाला पुढे बसवलं आणि तुम्ही तिथून लांब फेकत होतात. कोणी "लागला!" म्हणून ओरडलं की बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळायच्या. डोक्यावरून गरी फिरवून फेकणं होडीत बंद. माझ्या टोपीला एकदा कोणाची तरी ४/० गरी लागली, टोपी होती म्हणून बरं.

आता रॉड. दहा फुटी रॉड किनाऱ्यावरून फेकायचा, होडीत तो शेजाऱ्याच्या डोळ्यात जातो. साडेसहा-सात फुटांचा, पाठीला दम असलेला, मधल्या किमतीचा कोणताही चालेल. रीळ ४००० किंवा ५००० मापाचं, खाऱ्या पाण्याचं. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवायचं, हे जमणार नसेल तर महाग रीळ घेऊच नका. ३० पौंडी वेणीची (विणलेली) लाइन आणि पुढे दीड मीटर जाड तंगूस (नायलॉनची दोरी), ५०-६० पौंडी. तंगूस जाडच हवा, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कडा ब्लेडसारखी असते. तो तोंड उघडून डोकं झटकतो आणि बारीक दोरी कापून जातो. भांगात ६० ते १०० ग्रॅम शिसं पुरतं. मिळून सात-आठ हजारांत होतं, उरलेले पैसे कोळंबीला ठेवा.

कोळंबी जिवंत हवी. बाजारातली बर्फातली आणू नका, त्यावर पुन्हा शिंगाळाच येईल. धक्क्यावर पहाटे कोळणींकडे किंवा बोक्शीवाल्यांकडे (बोक्शी म्हणजे खाडीतलं लहान पिशवीसारखं जाळं) सांगून ठेवलं तर मिळते. डोक्यावरच्या काट्याच्या मुळाशी, काळा ठिपका दिसतो त्याच्या पुढून गरी घालायची, ठिपक्यातून घातली तर ती तिथेच मरते. लहान बोईट मिळालं तर त्याहून उत्तम. तांबोशीला आणि गोब्याला खडकाच्या कडेला बांगड्याची पट्टीही चालते. खडक कुठले ते इथे लिहीत नाही, होडीत बसलात की कळतीलच.

शिंगाळा लागलाच तर हात लावू नका. पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंचे दोन असे तीन काटे असतात, विषारी. चिमट्याने गरी सोडवायची. माझ्या तळव्यात एकदा घुसला तेव्हा मी मोठा माणूस असून रडलो होतो. उपाय म्हणजे सोसेल तितकं गरम पाणी, त्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेवायचा आणि किनाऱ्याला आल्यावर डॉक्टर गाठायचा. म्हणून होडीत एक थर्मास नुसत्या गरम पाण्याचा असतो. त्यातलं पाणी चहाला वापरायचं नाही. पाखटाच्या शेपटीलाही हेच लागू.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं यावर क्लबमध्ये दर वर्षी भांडण होतं, माझी बाजू सांगून ठेवतो. जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे दहा किलोचा जिताडा ही अंड्यांनी भरणारी मादी, तिला फोटो काढून सोडायचं आणि दोन-तीन किलोचा घरी न्यायचा. गोब्याचं उलट, तो आधी मादी आणि मग नर. अलिबाग-पेणकडचे आमचे पाहुणे हे ऐकून हसतात, त्यांच्याकडे जिताडा म्हणजे साहेबाचं काम व्हावं म्हणून द्यायची भेट, आणि ती मोठीच हवी. हसू देत. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचं आणि शहरांचं सांडपाणी उतरतं त्या आतल्या खाडीतला मासा मी स्वतः खात नाही, लहान असो वा मोठा.

डोलीचे (प्रवाहात बांधलेल्या कोळ्यांच्या मोठ्या जाळ्याचे) खुंट आणि जाळ्यांचे तरंगे दिसले की लांबून जायचं, खुंटाला होडी बांधायची नाही. आपण हौसेला जातो, त्यांचं घर त्यावर चालतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा आपलीही होडी वर काढलेली असते. नारळी पौर्णिमेला नारळ पडेपर्यंत नाखवा तिला हात लावू देत नाहीत.

मळमळीचं म्हणाल तर रिकाम्या पोटी येऊ नका, मधल्या फळीवर बसा, डोळे लांब किनाऱ्यावर ठेवा. अकरा-बाराला खारा वारा सुटतो आणि उतरतं पाणी त्याच्यासमोर आलं की आखूड, उभ्या लाटा उठतात, तेव्हा नवीन माणसाने गरीला कोळंबी लावायला मान खाली घातली की संपलं. त्या वेळी शेजाऱ्याला सांगा, तो लावून देईल.

पुढच्या रविवारी षष्ठी आहे, तेव्हा नको. त्याच्या पुढचा रविवारही नको. तुम्ही षष्ठीच्या रविवारनंतरच्या बुधवारी रजा टाका, नवमी आहे. मी, नाखवा आणि आणखी दोघे जाणार आहोत, एक जागा रिकामी आहे. पावणेसातची भरती, सव्वासहाला दिवाळ्याच्या धक्क्यावर या. रॉड आणू नका, माझ्याकडे जादा आहे, तोच टेप गुंडाळलेला.