चाक तापते, गाडी डावीकडे ओढते

प्रश्न : माझी मोटार सोळा वर्षे जुनी आहे. ब्रेक दाबताच ती डावीकडे ओढते आणि पुढचे डावे चाक फार तापते. पॅड बदलले, तरी तक्रार कायम आहे. पूर्ण कॅलिपर (ब्रेक पॅड चकतीवर दाबणारा भाग) बदलावा का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : घाई करू नका, परंतु दुरुस्ती होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका, ही कळकळीची विनंती. काढलेले जुने पॅड मिळाले, तर आधी तेच पाहावेत. आतला पॅड संपत आलेला आणि बाहेरचा जाड असेल, तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्या असाव्यात किंवा पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे येत नसावा. पॅड तिरका झिजला असेल, तर बहुधा एकच पिन धरलेली असते. चांगली पिन बोटाने ढकलली तरी सरकते, तर फाटलेल्या रबरी बुटातून (पिनेवरच्या आवरणातून) पाणी शिरलेल्या पिनेवर तपकिरी गंज दिसतो.

त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवावे. ते जड फिरत असल्यास मेकॅनिककडून ब्लीड निपल (कॅलिपरमधील ब्रेक तेल सोडण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल करून घ्यावे. त्यासरशी चाक मोकळे झाले, तर दोष बहुधा आतून फुगलेल्या रबरी होजचा (ब्रेक तेलाच्या नळीचा) असतो, कारण ती तेलाचा दाब अडकवून ठेवते, आणि ही शक्यता अनेकदा तपासलीच जात नाही. पिस्टनवर गंजाचे खड्डे नसतील, तर सील किट (पिस्टनच्या रबरी सीलांचा संच) पुरते. खड्डे असल्यास मात्र कॅलिपरच बदलावा. पिनांना साधे ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगते. ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीसच वापरावे.