सोळा वर्षांच्या हॉकीपटूकडून नेमकी किती अपेक्षा ठेवावी?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: नागपुरात सदर भागातल्या आपल्या वस्तीतील सोळा वर्षांचा एक आघाडीपटू यंदा महाराष्ट्राच्या सब-ज्युनिअर संघात निवडला गेला. जिल्हा स्पर्धेत त्याने गोलांचा सपाटा लावला होता. तेव्हापासून संध्याकाळच्या बैठकीत एक गट म्हणतो, ‘पोट्टा पुढचा धनराज आहे’, म्हणजे भारताचे माजी कर्णधार धनराज पिल्ले यांच्यासारखा होणार, तर दुसरा गट म्हणतो की पोलिसात किंवा रेल्वेत चिकटला तरी गंगेत घोडे न्हाले. चौकात ‘भावी ऑलिंपियन’ असा फ्लेक्स लावावा की नाही, यावर गाडी अडली आहे. मी विद्यापीठाच्या संघापर्यंत खेळलो आणि नंतर बरीच वर्षे पहाटे मुलांना शिकवले. व्हीएचएच्या (विदर्भ हॉकी असोसिएशनच्या) मैदानाच्या कडेला बसून असले वाद मी अनेकदा ऐकले आहेत आणि तरुणपणी एका वादाचा विषयही होतो, म्हणून हे उत्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. दोन्ही गट नको तितके लांबचे पाहत आहेत. सोळा वर्षांच्या हॉकीपटूबद्दल पुढच्या दोन वर्षांपलीकडचे कोणालाही सांगता येत नाही, निवड समितीलाही नाही. दोन वर्षांत तो राज्याच्या ज्युनिअर संघात नियमित खेळू लागावा आणि रोज टर्फवर, म्हणजे कृत्रिम मैदानावर, सराव मिळेल अशा एखाद्या अकादमीत किंवा क्रीडा वसतिगृहात त्याला जागा मिळावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. ती लहान वाटते, पण सब-ज्युनिअर संघात आलेल्या कित्येक मुलांची ती पूर्ण होत नाही.

आपल्या प्रश्नात सर्वाधिक जागा गोलांनी घेतली आहे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल. पंधरा-सोळाव्या वर्षी मिशी फुटलेला मुलगा आणि आवाजही न फुटलेला मुलगा एकाच सामन्यात समोरासमोर उभे असतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला यांच्यात जवळपास वर्षाचे अंतर असते, तरी वयोगटाच्या कागदावर दोघे सारखेच ठरतात, आणि पाहणाऱ्याची नजर साहजिकच थोराड मुलाकडे वळते. असा मुलगा उजव्या बगलेने चेंडू घेऊन सुटतो, दोघा बचावपटूंना निव्वळ धावण्यात मागे टाकतो, डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, शिरतो आणि मारतो. तीन वर्षांनी तेच बचावपटू त्याच्याएवढे उंच आणि त्याच्याएवढे वेगवान होतात, तेव्हा त्याच्या पोतडीत आणखी काय आहे ते कळते. आपण गोलांचा आकडा कळवला आहे. ते गोल कसे झाले हे कळवले असते तर मला अधिक उपयोग झाला असता.

त्याहून मोठा प्रश्न मैदानाचा आहे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला, हे आपल्या बैठकीतल्या जुन्या मंडळींना पाठ असेल. आपल्याकडची पुष्कळ मुले मात्र आजही मुरमाच्या मैदानावर खेळायला शिकतात. मुरमावर चेंडू उसळतो, खड्यावर आपटून दिशा बदलतो, म्हणून मुलगा तो जवळ येईपर्यंत थांबतो, आधी चेंडू अडवतो आणि मग मान वर करून साथीदार शोधतो. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू घसरत, सपाट आणि कितीतरी अधिक वेगाने येतो. तिथे मान आधीच वर असावी लागते, कारण चेंडू स्टिकला लागेपर्यंत तो पुढे कुठे द्यायचा हे ठरलेले असावे लागते.

हे मी ऐकीव सांगत नाही. धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले, त्यानंतरचे ते दिवस होते आणि मैदानावरची मंडळी मला कौतुकाने ‘आपला धनराज’ म्हणत. सतराव्या वर्षी मी एका मोठ्या निवड चाचणीला गेलो आणि त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा टर्फवर पाय ठेवला. पहिला पास माझ्याकडे आला तेव्हा मी सवयीने स्टिक किंचित उचलून उसळीची वाट पाहिली. चेंडू स्टिकखालून निघाला आणि मागच्या जाळीवर जाऊन थडकला. दुसरा पासही तसाच गेला. तिसरा अडवला, पण मान वर करेपर्यंत मागून टॅकल झाला आणि चेंडू गेला. पायात साधे कॅनव्हासचे बूट होते, त्यामुळे वळताना तळवे घसरत होते. वीस मिनिटांत मला बाहेर बोलावले गेले. परतीच्या गाडीत मला निवड न झाल्यापेक्षा, नागपूरला उतरल्यावर त्या मंडळींना काय सांगायचे याचीच धास्ती अधिक होती, आणि पुढचे दोन महिने मी मैदानाकडे फिरकलो नाही. ते दोन महिने खरे तर टर्फ मिळेल तिथे जाऊन सराव करण्याचे होते.

म्हणून त्या मुलाचा पुढचा सामना पाहाल तेव्हा गोल मोजू नका. चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो एकदा खांद्यावरून मागे पाहतो का, ते पाहा. चेंडू घेताना त्याचे अंग अर्धवट गोलाकडे वळलेले असते की तो आपल्याच गोलाकडे तोंड करून चेंडू अडवतो, तेही पाहा. पण मी सर्वाधिक महत्त्व देतो ते चेंडू गमावल्यानंतरच्या तीन सेकंदांना. माझ्याकडे एक मुलगा होता, हातात इतकी कला की दोघांना चकवून तिसऱ्याची वाट पाहायचा. परंतु चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून पंचाकडे बघत उभा राहायचा. त्याच्याबरोबर एक साधा, काहीसा बुटका मुलगा होता, जो चेंडू गेल्याक्षणी वळून चाळीस पावले मागे धावायचा आणि बहुतेक वेळा तो परत आणायचा. पहिल्याचे नाव सगळ्यांना माहीत होते. पुढे वरच्या स्पर्धांत दिसला तो दुसरा. आजच्या हॉकीत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, त्यामुळे प्रत्येकाने मैदानावर असेपर्यंत पूर्ण ताकदीने पळावे हीच अपेक्षा असते. उभ्या राहणाऱ्या आघाडीपटूला तिथे जागा उरलेली नाही.

आता धनराजचे. त्यांचा जन्म १९६८ चा आणि भारताकडून पदार्पण १९८९ चे, म्हणजे एकविसाव्या वर्षी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिकने खेळणारा हा मुलगा भाऊ रमेश यांच्याकडे मुंबईला गेला, तिथल्या क्लब हॉकीत घडला आणि मग देशासाठी चार ऑलिंपिक खेळला. सोळाव्या वर्षी ते स्वतःही ‘धनराज पिल्ले’ नव्हते, हे आपल्या पहिल्या गटाला जरूर सांगा.

याहून बोलके उदाहरण २०१६ च्या ज्युनिअर विश्वचषकाचे आहे. लखनौला अंतिम सामन्यात बेल्जियमला २-१ असे हरवून भारत जगज्जेता झाला, आणि ती मुले आपल्या मुलासारखी जिल्ह्यातली नव्हती, तर २१ वर्षांखालील जगातली सर्वोत्तम होती. त्यांतले हरमनप्रीत सिंग, मनदीप सिंग, गुरजंत सिंग, नीलकांत शर्मा, वरुण कुमार, सुमित आणि सिमरनजीत सिंग टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यविजेत्या संघात होते. त्या विश्वविजेत्या ज्युनिअर संघाचा कर्णधार हरजीत सिंग मात्र एकही ऑलिंपिक खेळला नाही. सिमरनजीतचे नाव टोकियोच्या मूळ सोळा जणांत नव्हते. तो राखीव म्हणून गेला, राखीव खेळाडूंनाही खेळण्याची मुभा ऐनवेळी मिळाली आणि जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाच्या ५-४ अशा सामन्यात त्याने दोन गोल केले. विश्वविजेत्यांबद्दलचे अंदाज जिथे असे उलटतात, तिथे चौकातल्या अंदाजाचे काय घेऊन बसलात?

आपल्या भागाशी नाते सांगणारे एक उदाहरण भारताचा मधल्या फळीतला खेळाडू विवेक सागर प्रसादचे आहे. इटारसीजवळच्या गावातला हा मुलगा २०१३ च्या सुमारास अकोल्यातल्या एका स्पर्धेत माजी ऑलिंपियन अशोक कुमार (ध्यानचंद यांचे पुत्र) यांच्या नजरेत भरला आणि भोपाळच्या अकादमीत गेला. पुढे कॉलरबोन मोडल्यामुळे बराच काळ मैदानाबाहेर राहिला, आणि तरीही जानेवारी २०१८ मध्ये सतराव्या वर्षी भारताकडून खेळला. इथपर्यंतची गोष्ट आपला पहिला गट आनंदाने सांगेल. परंतु त्याच वर्षी भुवनेश्वरला झालेल्या विश्वचषकाच्या अठरा जणांत तो नव्हता, हे कोणी सांगत नाही. टोकियोचे पदक गळ्यात पडल्यानंतर तो पुन्हा ज्युनिअर संघाचा कर्णधार होऊन विश्वचषक खेळला आणि भारत चौथा आला. इतक्या असामान्य मुलाचाही आलेख असा वर-खाली होतो. २०२४ च्या पॅरिस संघात पाच जण पहिल्यांदाच ऑलिंपिक खेळत होते. ते २३ ते २८ वर्षांचे होते. आपल्या मुलाच्या हातात, सारे सुरळीत झाले तरी, अजून सात ते बारा वर्षे आहेत.

दुसऱ्या गटाचे म्हणणे मला अधिक व्यवहारी वाटते, पण त्यातही एक गैरसमज आहे. नोकरी म्हणजे स्वप्न सोडून देणे असे ते मानतात. भारतीय हॉकीत तसे कधीच नव्हते. रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, सैन्यदले, पोलीस यांचे संघ हाच वरिष्ठ हॉकीचा कणा आहे. देशाकडून खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण यांपैकी कुठेतरी नोकरीला असतात, कारण तिथेच टर्फ, प्रशिक्षक, मोठ्या स्पर्धा आणि पगार एकत्र मिळतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्याचाही आधार असतो. तेव्हा एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी त्याला एखाद्या खात्याच्या किंवा कंपनीच्या चांगल्या संघात घेतले, तर ‘पाहा, नोकरीवरच थांबला’ असे म्हणण्याऐवजी तो वरच्या जिन्यावर पोहोचला असे समजावे. पैशाबद्दल एवढेच सांगतो की हॉकी इंडिया लीगच्या २०२४ च्या लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख रुपये मिळाले, ही बातमी त्या मुलाच्या घरी रोज वाचून दाखवू नये.

बैठकीत बहुधा न निघालेला मुद्दा घर सोडण्याचा आहे. विदर्भातला क्रिकेटपटू नागपुरात राहून रणजी खेळू शकतो. विदर्भाचा स्वतंत्र संघ आहे आणि त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडकही जिंकला. हॉकीतल्या आपल्या मुलाची चुरस मात्र पुण्या-मुंबईच्या मुलांशी आहे आणि ती मुले टर्फवरच वाढली आहेत. सातारा जिल्ह्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारतीय संघापर्यंत पोहोचल्या, त्या पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून. आपल्या मुलाच्या आई-वडिलांची त्याला दहावीनंतर बाहेर पाठवण्याची तयारी आहे का, वसतिगृहाच्या जेवणावर आणि परक्या गावात तो रमेल का, शाळा बुडाली तर ती भरून कशी काढायची, हे प्रश्न त्याच्या ड्रिबलिंगपेक्षा मोठे आहेत. माझ्या ओळखीची दोन-तीन चांगली मुले केवळ महिनाभरात घरची आठवण येऊन परतली. त्यांना कोणी हसू नये, आणि परतलेल्यांना मैदानाचे दार बंदही करू नये.

राहिला फ्लेक्स. तो लावायचाच असेल, तर त्यावर मुलाचे नाव, ‘महाराष्ट्र सब-ज्युनिअर संघ’ आणि वर्ष एवढेच लिहावे. हे त्याने मिळवलेले आहे आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही. ‘भावी’ हा शब्द मात्र गाळावा. तो शब्द रोज शाळेत जाता-येता त्यालाच वाचावा लागेल आणि ज्या आठवड्यात त्याला संघातून वगळले जाईल त्या आठवड्यातही तो चौकात लटकत असेल. माझ्या वेळी फ्लेक्स नव्हते, तोंडी कौतुकच होते, तरी ते मला जड गेले. खरे म्हणजे फ्लेक्सची वर्गणी जमलीच आहे, तर तिच्यातून त्याला टर्फचे बूट घेऊन द्यावेत. चांगली कॉम्पोझिट स्टिक दहा हजारांच्या पुढे जाते, ती पुढच्या वर्षी बघता येईल. फक्त दुकानात जाण्याआधी त्याच्या आईला पायाचे माप विचारून घ्या. या वयात पाय वाढत असतात आणि गेल्या दिवाळीचा नंबर आता चालणार नाही.