उधळपट्टी, दान आणि स्वावलंबन

प्रश्न : नात्यातील एका लग्नातली उधळपट्टी पाहून आम्ही मुलीचे लग्न साधेपणाने करून वाचलेली रक्कम दान करण्याचे ठरवले आहे, मात्र दानामुळे घेणारा परावलंबी होतो, असे काही जण म्हणतात. आम्ही काय करावे?

उत्तर : आपला निर्णय मला मनापासून पटतो. आक्षेप खरा आहे, पण तो दानाच्या रीतीविषयीचा आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर कुष्ठरुग्णांनी स्वतः विहीर खणून, शेती पिकवून आनंदवन उभे केले, तेव्हा जमीन बाहेरून मिळाली होती, श्रम मात्र त्यांचे होते. त्यांनी पिकवलेला भाजीपाला विकत घेण्यास गावातील लोक आरंभी कचरत, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. भीक घालणे सोपे, पण त्याच माणसाशी बरोबरीने व्यवहार करणे अनेकांना जड जाते. पुढे १९६४ साली याच वसाहतीने परिसरातील मुलांसाठी महाविद्यालय सुरू केले. म्हणून आपली रक्कम अवजारे, बियाणे, प्रशिक्षण यांसाठी द्यावी आणि तिथे तयार झालेला माल योग्य किंमत मोजून घ्यावा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना आणि निराधार वृद्धांना मात्र स्वावलंबनाची अट घालू नये; त्यांना अन्न आणि औषध बिनशर्त मिळाले पाहिजे.