राजापूरला जा, पण भांडण सोबत नेऊ नको

पत्र: ताई, मी २९ वर्षांची. मुंबईत माहुलला, रिफायनरीजवळ, सहाव्या मजल्यावर राहते. पाच वर्षांच्या मुलाला दमा आहे. महिन्यातून एकदा-दोनदा रात्री त्याला घेऊन सायन हॉस्पिटल गाठावं लागतं. नवरा रिफायनरीत ठेकेदाराकडे फिटर आहे. माझं माहेर राजापूर. भाऊ म्हणतो, ‘पोराला इकडे आण. हा असला धूर नको म्हणूनच आम्ही रिफायनरीच्या विरोधात बारसूच्या सड्यावर उन्हात बसलो होतो.’ ते नवऱ्याच्या मनाला लागलं. तो म्हणतो, ‘आपली चूल त्या धुरावरच पेटते. गेलीस तर परत येऊ नको.’ मी काय करू?

उत्तर: पत्राच्या कोपऱ्यात तू लिहिलंयस, की रात्री खिडकीतून दिसणाऱ्या चिमणीवरच्या ज्योतीला मुलगा ‘मोठा दिवा’ म्हणतो. तिथे मी बराच वेळ थांबले.

तुझी भीती उगाच नाही. माहुल आणि आंबापाड्यातल्या हवेमुळे तिथल्या लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ सालीच म्हटलंय. तिथल्या दोन्ही रिफायनऱ्या १९५५च्या आसपासच्या. तुमच्या इमारती त्यांच्या शेजारी कितीतरी नंतर उभ्या केल्या. तिथे घर मिळालं म्हणून तुम्ही राहायला गेलात, यात तुझ्या नवऱ्याचा काय दोष? हे त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे. ‘परत येऊ नको’ हे बोलणं वाईटच, पण मला त्यात राग कमी आणि धास्ती जास्त दिसते. मेहुण्यानं त्याच्या कामाला नावं ठेवली, आता बायको-पोरही त्याच बाजूला निघालं, असं त्याला वाटत असणार.

भावाला फोन कर आणि स्पष्ट सांग, ‘दादा, २०२३ला तुम्ही सड्यावर बसलात ते तुमच्या जमिनीसाठी. माझं पोर त्या वादातला पुरावा नाही. घरी आल्यावर त्याच्यासमोर बाबांच्या कामाचा विषय काढायचा नाही.’ हे तो कबूल झाल्याशिवाय गाडीचं तिकीट काढू नको.

मग जा, दिवाळीनंतर लगेच. मुंबईत थंडीत हवा खाली दबून राहते, दम्याच्या पोरांना तेच महिने जड जातात. शिवाय त्याची पहिली पुढच्या जूनला, म्हणजे शाळेचं नुकसान होणार नाही असं हे शेवटचंच वर्ष. एप्रिलअखेरपर्यंत राहा. नवऱ्याला परतीची तारीख आत्ताच सांग, कॅलेंडरवर लिहून ठेव. महिन्यातून एकदा त्याला तिकडे बोलाव. मुलाला राजापूरच्या गंगातीर्थावर त्यानंच न्यावं, मामानं नव्हे.

पण राजापूर म्हणजे औषध नव्हे. रात्री जोराचा अटॅक आला तर तुला तिथे सायन हॉस्पिटल नाही. ग्रामीण रुग्णालय आहे, पण पुढे रत्नागिरी गाठायची तर घाटवळणांचा दीड-दोन तासांचा रस्ता. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी आणि अटॅकमध्ये काय करायचं ते लिहून घे. औषध ओढायचा पंप आणि त्याला लावायचा स्पेसर दोन-दोन ठेव. बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप आपल्या मनानं बंद करू नको, ही चूक आया हमखास करतात. रात्री गाडी कोण काढणार, तेही ठरवून ठेव.

एक वही कर. तारीख, खोकला किती, पंप किती वेळा, रात्री जाग आली का. एप्रिलमध्ये ती डॉक्टरांना दाखव, नवऱ्यालाही दाखव. फरक दिसला तरी राजापूरला कायमचं जायची घाई नको. तिथे पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, तीही दम्याला चालत नाही. आणि फिटरला तिथे रोजचं काम कुठलं? त्यापेक्षा चेंबूरहून थेट लोकल आहे अशा पनवेलच्या बाजूला एखादी खोली बघा. तळोज्याच्या कारखान्यांपासून मात्र लांब. भाडं जड जाईल, मला कळतं. तरी हिशेब मांडा, रात्री-अपरात्रीच्या रिक्षा आणि बुडालेले खाडे धरून.

आणखी एक. तू लिहिलंयस, आई अजून न्हाणीच्या चुलीवर पाणी तापवते. तो धूर मागच्या पडवीतून थेट माजघरात येतो ना? मुलाचं अंथरूण पुढच्या खोलीत घाल. आई रागावेल, नातू जवळ झोपावा असं तिला वाटणारच. तिला म्हणावं, मग तूच पुढे ये झोपायला.