कॉलेजात शिकताना तुम्ही रोज पेपर, टीव्ही, मोबाईलवर काय वाचता-पाहता? त्यात काही बदलावंसं वाटतं का?

मी नागपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पहाटे पेपरची लाईन टाकतो. लोकांच्या दारात बातम्या नेऊन टाकणं हे माझं काम, पण कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत मी स्वतः एकही पेपर उघडून वाचत नव्हतो. जे काही कळायचं ते फोनवरून कळायचं. ते का बदललं, हे सांगण्यासाठीच हे उत्तर लिहितोय.

पहाटे सव्वाचारला उठतो, सायकल काढतो आणि सीताबर्डीच्या सेंटरवर जातो. तिथे फुटपाथवर गठ्ठे सुटतात. लोकमत, तरुण भारत, लोकसत्ता, सकाळ, हिंदीतला नवभारत आणि १९११ पासून निघणारा आपला इंग्रजी हितवाद. आधी पुरवण्या आत घालायच्या, मग क्लासेसची, साडीच्या सेलची पत्रकं भरायची, मग घरांच्या क्रमानं गठ्ठा लावायचा. माझ्या लाईनला ८७ घरं आहेत. त्यातली बरीचशी जुन्या, लिफ्ट नसलेल्या फ्लॅट स्कीममध्ये.

एका स्कीमच्या तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात. मी खाली पोचायच्या आधीच त्यांची दोरीला बांधलेली टोपली खाली आलेली असते. पेपर वर गेला की त्या गॅलरीतच उभ्या राहून आधी निधन वार्ता उघडतात. एकदा मी खालूनच विचारलं, "आजी, पहिलं पान नाही पाहत?" त्या म्हणाल्या, "पहिलं पान काल रातीच टीव्हीवर झालं बाबू. आपल्यातलं कोण गेलं, हे तो टीव्ही सांगते का?" तेव्हा मी हसून पुढे गेलो होतो. त्यांना पेपर नेमका कशासाठी हवा हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला फोन कशासाठी हवा, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. रात्री दोननंतर आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी रस्त्यावर आलं, अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटमधल्या घरांत शिरलं, मोरभवनच्या बसस्टँडवर बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. मी घरीच अडकलो होतो. लाईट गेलेली, हातात फोन. अशात एका ग्रुपवर मेसेज आला की अंबाझरीचं धरण फुटलं, अर्ध्या तासात सगळं वाहून जाणार, ताबडतोब घर सोडा.

त्या मेसेजवर दोन बाण होते. व्हॉट्सॲपवर दोन बाण म्हणजे तो मेसेज हातोहात खूप फिरून आलेला आहे. असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच जणाला किंवा एकाच ग्रुपला पाठवता येतो. म्हणजे तिघांना पाठवायचा तर तीन वेळा निवडून पाठवावा लागतो. मी तो तीन वेळा पाठवला. तिसऱ्यांदा पाठवला तो माझ्या मावशीला.

मावशी डागा ले-आउटच्या बाजूला भाड्याने राहते, पहिल्या मजल्यावर. पाणी खाली अंगणात होतं, तिच्या घरात थेंबही नव्हता. माझा मेसेज वाचून ती म्हाताऱ्या सासूला घेऊन अंधारात खाली उतरली. रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. समोरच्या उंच इमारतीत जायच्या धडपडीत मावशीचा पाय घसरला आणि तिचं मनगट मोडलं. तिच्या सासूला शेजारच्या दोन पोरांनी उचलून वर नेलं.

धरण फुटलंच नव्हतं. तलाव ओसंडला होता. त्या पाण्यानं लोकांचे संसार बुडवले, जीवही गेले, पण ओसंडणं आणि फुटणं यात फरक आहे. पहिल्या मजल्यावरच्या माणसानं घरात थांबायचं की बाहेर पडायचं, हे त्या फरकावर ठरणार होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, लाईन टाकताना सेंटरवरच्या दिव्याखाली उभा राहून मी पहिल्यांदा पेपर पानापानानं वाचला. कुठे किती पाणी चढलं, तलावाचं काय झालं, कोणत्या वस्तीतून किती लोकांना बाहेर काढलं, सगळं त्यात होतं. मावशीचा हात तोवर प्लास्टरमध्ये गेलेला होता.

त्यानंतर मी एक वही घातली. आठवडाभर रोज रात्री दोन रकाने भरायचे, आज काय पाहिलं आणि ते मी स्वतः शोधलं की समोर आलं म्हणून पाहिलं. बुधवारी फोननं दिवसभराचे ५ तास ४० मिनिटं दाखवली. त्यातले तीन तासांच्या वर नुसते रील्स. वहीत मात्र मला चारच गोष्टी आठवून लिहिता आल्या. इतिहासाचं एक लेक्चर, क्रिकेटचा स्कोअर, पोह्यांच्या तर्रीचा एक व्हिडिओ आणि रस्त्यावरची एक मारामारी. पहिल्या दोन मी शोधल्या होत्या, बाकीच्या दोन आपोआप आल्या. उरलेल्या वेळात डोळ्यांसमोरून काय गेलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

वेळ वाया गेला यापेक्षा मला हे जास्त लागलं. तीन तास मी जागा होतो, डोळे उघडे होते, आणि त्यातलं जवळजवळ काहीच माझ्याजवळ उरलं नाही.

त्या मारामारीच्या व्हिडिओवर मी फक्त थांबलो होतो. लाईक नाही, शेअर नाही. पण कशावर किती वेळ थांबलो याचीही ॲप नोंद ठेवतं, आणि तसलंच आणखी पुढ्यात टाकतं. पुढचे आठ-दहा दिवस मला भांडणं, अपघात, चौकातली हाणामारी हेच दिसत राहिलं. मला वाटायला लागलं की शहर बिघडत चाललंय. घरी आईला मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "आपल्या गल्लीत कुठं काय झालं?" खरंच काही झालं नव्हतं.

आता मी काय करतो ते सांगतो. फोन आणि मेसेज सोडून सगळ्या ॲपची नोटिफिकेशन बंद आहेत. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो, गजरासाठी साधं घड्याळ घेतलंय. लाईन संपली की उरलेल्या पेपरांतला एक घेऊन टपरीवर बसतो आणि शहराच्या पानावरची निदान एक बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. पाणीपट्टी, नाल्यांची सफाई, विद्यापीठाच्या परीक्षेचं वेळापत्रक, असं काहीही. पेपरही धुतल्या तांदळासारखे नसतात. पहिलं पानभर जाहिरात आणि आत बातमीसारखी दिसणारी जाहिरात मी रोज माझ्या हातानं वाटतो. पण पेपरात चूक झाली तर ती तारखेसकट, पेपरच्या नावासकट छापलेली राहते. तिच्यावर बोट ठेवता येतं. धरण फुटल्याचा तो मेसेज मुळात कोणी लिहिला, हे मी किती शोधलं, आजवर सापडलेलं नाही.

रील्स पूर्ण सुटलेले नाहीत. परीक्षेच्या दिवसांत आणि मे महिन्यात, बाहेर पाऊल टाकवत नाही तेव्हा, वेळ परत वाढतो. टीव्हीचं विचाराल तर बाबा लावतात तेवढाच, मॅच असली की मीही बसतो. एमपीएससीची लेक्चर्स यूट्यूबवरच पाहतो. ती बंद करायचं मला काही कारण दिसत नाही. ती मी शोधून लावलेली असतात आणि वहीत उतरतात.

माझ्या त्या मेसेजबद्दल मावशीनं कधी एक शब्दही काढला नाही. मीच प्लास्टर निघाल्यावर जाऊन माफी मागितली. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पावणेअकराला तिचा फोन आला. तिच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता की रात्रीतून ढगफुटी होणार. तिनं तो कोणालाही पुढे पाठवला नव्हता. "बाबू, हे खरं हाय का रे? तू पाहून सांग बरं," म्हणाली. मी प्रादेशिक हवामान केंद्राच्या साईटवर नागपूर जिल्ह्याचा इशारा उघडला आणि तिला फोनवर शब्द न् शब्द वाचून दाखवला. तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस, विजांचा कडकडाट. ढगफुटी हा शब्द त्यात नव्हता. ती म्हणाली, "मग मी झोपते," आणि फोन ठेवला. मी साडेबारापर्यंत खिडकीशी पाऊस ऐकत बसलो. सव्वाचारला उठलो तेव्हा रस्ता ओला होता, पण पाणी कुठेच साचलेलं नव्हतं.