सीटी नॉर्मल आला, मग स्ट्रोक कुठून आला?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम, तासगाव तालुक्यातनं लिहितेय. माझे मिस्टर ५८ वर्षांचे, आमची द्राक्षबाग आहे, बीपीची गोळी चालू होती पण आठवण झाली तर घ्यायचे. गेल्या महिन्यात सकाळी चहा पिताना कप हातातनं सुटला आणि काहीतरी भलतंच बोलायला लागले, शब्दच लागेनात. तासाभरात बरं वाटलं. जवळच्या दवाखान्यात सीटी काढला, नॉर्मल आला, टीआयए असेल नाहीतर अशक्तपणा असेल म्हणाले आणि सलाइन लावून संध्याकाळी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर उजवा हात उचलेना आणि बोलणं बंद. मिरजेला नेलं, एमआरआय झाला, त्यात डाव्या बाजूला ताजा इन्फार्क्ट आणि शिवाय जुने लॅक्युनर इन्फार्क्ट असं लिहिलंय, डिस्चार्ज कार्डवर क्रिप्टोजेनिक स्ट्रोक. पोरगा पुण्याला असतो, तो म्हणतो गुठळी विरघळायचं इंजेक्शन का दिलं नाही, डॉक्टरांनी घोळ केला. भाऊजी म्हणतात ब्लॉकेज आहे. सासूबाई म्हणतात अंगावरनं वारं गेलंय, चोळून घेऊ, कबुतराचं रक्त लावू. आता घरी आलोय, धरून चालतात, पण चहा म्हणायचं तर पाणी म्हणतात, मला लेकीच्या नावानं हाक मारतात, मधेच रडायला लागतात. बघायला येणारा जो तो विचारतो नेमकं झालंय काय, आणि मला सांगताच येत नाही. आधीपण झालं होतं म्हणजे यांनी माझ्यापासनं लपवलं का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तोच तुम्हाला जास्त बोचत असणार. त्यांनी लपवलेलं नाही. इन्फार्क्ट म्हणजे रक्त न पोचल्यानं मेंदूचा मेलेला भाग, आणि लॅक्युनर म्हणजे मेंदूच्या आतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या बंद पडून झालेले छोटे डाग, सहसा १५ मिलिमीटरच्या आतले, आणि बऱ्याच जणांना ते होऊन जातात तेव्हा काही म्हणजे काही जाणवत नाही, एखाद्या दिवशी थोडं गरगरल्यासारखं झालं असेल तर तेही कुणी लक्षात ठेवत नाही. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहिलं, शुगर असली की असे डाग पडत जातात आणि एमआरआय काढला की पहिल्यांदाच कळतं. त्यांनाही माहीत नव्हतं हो.

आता सीटीचं. तुम्ही बागायतदार आहात म्हणून असं सांगते, ठिबकची नळी चोकअप झाली तर त्या ओळीतल्या वेलींची पानं लगेच मान टाकत नाहीत, बांधावरून बघितलं तर बाग हिरवीगारच दिसते, पण मुळाशी पाणी थांबलेलं असतं. सीटीचं पहिल्या काही तासांत तसंच होतं. तो मुख्यतः रक्तस्राव झालाय का हे बघायला काढतात, तो लगेच दिसतो, पण गुठळी अडकून झालेला स्ट्रोक, आणि बहुतेक स्ट्रोक तसेच असतात, सुरुवातीला सीटीत न दिसणं अगदी कॉमन आहे. एमआरआयमध्ये तो लवकर पकडला जातो. त्यामुळे सीटी नॉर्मल आणि एमआरआयमध्ये स्ट्रोक, हे दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी खरे आहेत.

टीआयए हा शब्दही पहिल्या दिवशी बरोबर असू शकतो. रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो, लक्षणं येतात आणि मेंदूला कायमची इजा न होता जातात, त्याला टीआयए म्हणतात. पण टीआयएनंतर मोठा स्ट्रोक येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, म्हणूनच तासाभरात बोलायला लागले म्हणून सलाइन लावून घरी सोडणं मला पटलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. तुमचा राग बरोबर आहे. फक्त तो राग आत्ताच्या उपचारांच्या मधे येऊ देऊ नका, कारण पुढचे काही महिने फार महत्त्वाचे आहेत.

इंजेक्शनचं पोराला असं सांगा. ते लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, आणि माणूस झोपेतून उठला तो असा उठला तर वेळ धरतात ती रात्री शेवटचा ठीक कधी होता तिथून. म्हणजे मिरजेला पोचेपर्यंत बहुतेक ती वेळ टळून गेली होती. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते, म्हणून डॉक्टर देत नाहीत. आणि यात तुम्हीही कुठे कमी पडलेला नाही, तुम्ही तर पहिल्याच दिवशी दवाखाना गाठला होता.

क्रिप्टोजेनिक म्हणजे गुठळी कुठून आली ते तपासण्या करूनही सापडलेलं नाही. गुठळीच्या साधारण दर चार स्ट्रोकमागे एकात असं होतं, त्यामुळे हा शब्द बघून डॉक्टरांना काही कळत नाही असं समजू नका. पण विषय तिथंच सोडूही नका. हृदयाचे ठोके मधूनच अनियमित होण्याचा एक प्रकार असतो, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, त्यात हृदयात गुठळी तयार होऊन मेंदूकडे जाऊ शकते, आणि तो येऊन जाऊन असल्यामुळे साध्या ईसीजीत सुटून जातो. पुढच्या भेटीत न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा की होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद करणारं छोटं मशीन, लावला होता का, किती तास लावला होता, आणि परत जास्त दिवस लावायची गरज आहे का. मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर आणि हृदयाचा टू-डी इको (दोन्ही सोनोग्राफीसारख्याच तपासण्या) झालाय का तेही विचारा. हे महत्त्वाचं अशासाठी की ठोक्यांचा दोष सापडला तर रक्त पातळ करायची गोळीच बदलते. आणि एक, सुरुवातीला पुष्कळदा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही देतात, मग काही आठवड्यांनी त्यातली एक थांबवतात, तर कुठली आणि कधी हे कार्डवर तारखेसकट लिहून घ्या. स्वतःहून एकही बंद करायची नाही. बीपीची गोळी तर आता आठवण झाली तर, असं चालणारच नाही, घरी मशीन आणा, रोजचं रीडिंग वहीत लिहा, बहुतेकांना १३० / ८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो पण तुमच्या मिस्टरांचं टार्गेट त्यांचे डॉक्टर सांगतील. लोणचं, पापड, खारवलेलं भडंग हे सगळं कमी, आपल्याकडे ते जड जातं हे मला माहितेय.

आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय सांगायचं. हे वाक्य पाठच करा: "मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली, म्हणून उजवा हात आणि बोलणं अडकलंय, गुठळी कुठून आली ते डॉक्टर शोधतायत, औषधं आणि व्यायाम चालू आहे." झालं. हाताचा आजार वेगळा आणि बोलण्याचा वेगळा असं नाहीये, मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते आणि बहुतेकांची भाषाही तिथंच असते. भाऊजींचं ब्लॉकेज, सासूबाईंचं वारं, एमआरआयचा इन्फार्क्ट, सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. फक्त कबुतराच्या रक्ताला ठाम नाही म्हणा. दोष मेंदूत आहे, कातडीवर काहीही चोळून तो जात नाही, आणि जोरात चोळताना लुळा हात ओढला गेला तर खांदा निसटतो आणि मग त्या दुखण्यानं माणूस व्यायामच करत नाही. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर फिजिओथेरपिस्टसमोर बसवा आणि थेरपिस्टनी दाखवलेली हाताची हालचाल रोज सासूबाईंकडूनच करून घ्या, आईचा जीव आहे, त्यांनाही काहीतरी करायचंय.

बोलण्याबद्दल मला जरा जास्त सांगायचंय. चहाला पाणी म्हणणं, तुम्हाला लेकीच्या नावानं हाक मारणं, याला अफेजिया म्हणतात. ते तुम्हाला विसरलेले नाहीत आणि वेडेही झालेले नाहीत, शब्द तिथं आहे पण हाताला लागत नाही, आणि आपण चुकीचं बोललो हे पुष्कळदा त्यांना कळतं, म्हणून चिडतात. टीव्ही बंद करून समोर बसून बोला, एका वेळी एकच गोष्ट, हो किंवा नाही म्हणता येईल असं विचारा, नाहीतर कप आणि तांब्या दोन्ही समोर धरा आणि बोट दाखवू द्या. त्यांचं वाक्य घाईनं पूर्ण करू नका, आणि पाहुण्यांसमोर "हे काय ते सांगा बरं" अशी परीक्षा तर कुणालाच घेऊ देऊ नका. एक करून बघा, आरती किंवा हरिपाठ त्यांना पाठ असेल तर सोबत म्हणा. पाठ असलेलं, चालीतलं, एक ते दहा आकडे असं पुष्कळदा शाबूत राहतं, चहा मागता न येणारा माणूस अख्खी आरती म्हणतो, घरातले सगळे चकित होतात, आणि त्याला स्वतःला जो धीर येतो तो कुठल्या गोळीनं येत नाही. स्पीच थेरपी मात्र लवकर सुरू करा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा जास्त वेगानं होते, पुढेही होत राहते, वर्षानंतरही थोडी थोडी.

मधेच रडणं हा स्ट्रोकचाच भाग असू शकतो, मेंदूचा भावनांवरचा ताबा सैल होतो, पण स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशनही येतं आणि त्याला चांगलं औषध आहे, तेव्हा डॉक्टरांना नक्की सांगा, लाजू नका. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही सांगा आणि तोवर ताठ बसवूनच खाऊपिऊ घाला. मोटरसायकलची किल्ली काढून ठेवा, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. पण बागेत न्या त्यांना, खुर्ची टाकून बसवा, छाटणीचं, फवारणीचं विचारा, बोटानं दाखवतील. घरचा कर्ता माणूस एकदम कॉटवरचा पेशंट होऊन बसला की मनानं खचतो.

खर्चाचं तुम्ही लिहिलेलं नाही पण तरी सांगते, परत ऍडमिट व्हायची वेळ आली तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला आधी भेटा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे. मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि सांगलीचं सिव्हिलही आहेच.

आणि ताई, तुमच्या पत्रात सगळे आहेत, तुम्ही कुठेच नाही. तुम्ही झोपता किती? पोराला डॉक्टरांचं चुकलं-बरोबर काढण्याऐवजी शनिवार-रविवार घरी यायला सांगा, रात्रीचं त्यानं बघायचं, तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपायचं. भाऊजींना फिजिओला नेण्या-आणण्याचं काम वाटून द्या. हे मागायला संकोच वाटेल, तरी मागा.

प्रश्न : मॅडम, कराडहून लिहितोय. परवा वडिलांचं तोंड वाकडं झालं आणि डावा हात जड पडला, दहा मिनिटांत एकदम ओके. ते म्हणतात ऊन लागलं असेल, दवाखाना नको. थांबून बघू का?

उत्तर : थांबू नका. वरचं उत्तर वाचा, हे टीआयए असू शकतं, वडील आत्ता ठणठणीत दिसत असले तरी आजच्या आज जिथं सीटी किंवा एमआरआय आणि फिजिशियन दोन्ही आहेत अशा हॉस्पिटलमध्ये न्या आणि परवा जे बघितलंत ते वेळेसकट सांगा. परत तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं तर लगेच १०८ ला फोन करा, घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवा, आणि घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका, कारण स्कॅनशिवाय गुठळी आहे की रक्तस्राव हे कुणालाच सांगता येत नाही.